आप्त कोणास म्हणावे?

एखादे विधान चारचौघांसमोर मांडण्यापूर्वी ते पुन्हा पुन्हा तपासून पाहणे हा निव्वळ व्यवहारचातुर्याचा भाग आहे, की त्यात धर्माचाही काही अंश आहे, हा प्रश्न आपल्याकडील प्रमाणशास्त्राने फार पूर्वीच विचारून ठेवलेला आहे. मात्र तो श्रुती, स्मृती आणि ऋषिवचने यांच्या अनुषंगाने विचारला गेल्यामुळे, दुकानदाराच्या पाटीशी किंवा व्यापाऱ्याच्या भावपत्रकाशी त्याचा काही संबंध असेल, अशी शंकाही आपणास सहसा येत नाही. वस्तुतः तो संबंध अत्यंत निकटचा आहे; आणि एखादा लहानसा व्यापारी आपले संकेतस्थळ लोकांस खुले करण्यापूर्वी जी तपासणी करतो, किंवा करावयाची टाळतो, तीत तो जितका उघड होतो तितका अन्यत्र क्वचितच होत असेल.

उदाहरणादाखल बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील दापोरा हे गाव घेऊ. मध्ये राज्याची सीमा आली असली तरी तापीखोऱ्यातील केळीचा हा पट्टा पलीकडच्या रावेर-यावलशी सलग आहे. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि बाजारात दोहोंची मिसळ, असा या भागाचा शिरस्ता. येथील केळीचा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या प्रत्यक्षावर चालत आला. व्यापाऱ्याने बागेत यावे, घडाला हात लावून त्याची भरण पाहावी, सालीवरचा डाग निरखावा, भावाची घासाघीस करावी आणि मग कापणीचा दिवस ठरावा. या साऱ्या क्रमात कोणाच्या शब्दावर विसंबण्याचा प्रसंग फारसा येत नसे, कारण माल समोर उभा असे. आता ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ या योजनेत बुऱ्हाणपूरसाठी केळीचीच निवड झालेली आहे, आणि कच्च्या केळीचे वेफर, केळीचे पीठ, खोडाच्या धाग्याच्या वस्तू अशी नवी दालने उघडली आहेत. अशा वेळी दापोऱ्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबाने घरचे वेफर पाकीटबंद करून पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकास परस्पर विकण्याकरिता संकेतस्थळ उभारले, असे समजू. ते गिऱ्हाईक कढई पाहत नाही, तेल हुंगत नाही, वेफर मोडून त्याचा आवाज ऐकत नाही. त्याच्यापाशी एक चित्र, चार ओळी आणि एक आकडा एवढेच असते. म्हणजे जो व्यवहार काल प्रत्यक्षप्रमाणाने होत होता, तो आज शब्दप्रमाणाच्या हाती गेला.

दूरच्या शब्दावर पैसा मोजण्याची रीत बुऱ्हाणपुराला अगदीच अपरिचित होती, असे नव्हे. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला, खानदेश मोगल सुभ्यांत मोडू लागला आणि बुऱ्हाणपूर हे दक्षिणेच्या वाटेवरील मोठे ठाणे व कापडाची मोठी पेठ बनले. सतराव्या शतकात आग्रा, बुऱ्हाणपूर आणि सुरत यांच्या दरम्यान हुंड्या फिरत, आणि कागदाच्या एका तुकड्यावर शेकडो कोसांवर रोकड मिळे. परंतु त्या हुंडीच्या पाठीशी ओळखीची पेढी असे, मुनिमाचे वळणदार अक्षर असे, आणि शब्द मोडल्यास सराफकट्ट्यावर होणारी नाचक्की असे. संकेतस्थळावर लिहिणाराही अनोळखी आणि वाचणाराही अनोळखी. तेव्हा अशा शब्दावर कोणी का विश्वास ठेवावा, आणि ठेवला तर तो सार्थ ठरावा यासाठी लिहिणाऱ्याने काय केले पाहिजे, हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो.

न्यायसूत्रांनी शब्दप्रमाणाची व्याख्या करताना ते आप्ताच्या उपदेशाशी जोडले, आणि आप्त म्हणजे कोण याचा उलगडा वात्स्यायनांनी आपल्या भाष्यात केला. ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे, आणि जसे जाणले तसेच दुसऱ्यास सांगावे या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. याहून महत्त्वाचे वाक्य त्यांनी लगेच पुढे जोडले आहे: हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. ज्या समाजात वचनाचे वजन वक्त्याच्या कुळावरून ठरत होते, त्यात हे केवढे धाडस होते याची कल्पना करावी! आप्तत्व हा जन्मसिद्ध मान नव्हे. दापोऱ्याचा केळी-उत्पादक आपल्या कढईतील वेफरांविषयी बोलताना, त्या एका विषयापुरता, ऋषीच्या पंक्तीला बसू शकतो. मात्र त्यासाठी ज्ञान आणि सांगण्याची इच्छा या दोन्ही कसोट्यांना त्याला उतरावे लागते.

शब्द कोठे कोठे बिघडतो याचीही मोजदाद आपल्या आचार्यांनी करून ठेवली आहे. भ्रम, प्रमाद, विप्रलिप्सा आणि करणापाटव असे हे चार पुरुषदोष. बंगालचे वैष्णव आचार्य जीव गोस्वामी यांनी ‘तत्त्वसंदर्भा’त त्यांची चर्चा केली ती मनुष्याच्या वचनापेक्षा शास्त्रवचन श्रेष्ठ का, हे दाखविण्यासाठी. आपण तीच यादी उलट्या दिशेने वापरू: मनुष्याचे वचन चुकावयाचेच असेल, तर या चार दारांनी चुकेल, तेव्हा पहारा याच चार दारांवर बसवावा.

भ्रम म्हणजे लिहिणाऱ्याचीच समजूत चुकीची असणे. त्याने पाकिटावर आणि संकेतस्थळावर दोनशे ग्रॅम लिहिले, आणि लिहिले ते प्रामाणिकपणेच. कारण तराजूवर पाकीट ठेवले तेव्हा काटा दोनशेवरच आला होता. परंतु वजन केले ते पिशवीसकट, आणि कायदा निव्वळ वजन मागतो ते वेष्टन वगळून. एकदा पुण्याला माल तिसऱ्या दिवशी पोहोचला, म्हणून तो नेहमी तिसऱ्याच दिवशी पोहोचतो, अशी त्याची खात्री होऊन बसते. केळी आरोग्यास हितकर, म्हणून तळलेले वेफरही हितकर, असे अनुमान तो करतो आणि ते ठळक अक्षरांत छापतो. अशा चुका मजकूर दहा वेळा वाचूनही सापडत नाहीत, कारण मजकुरात चूक नसतेच. चूक असते ती मजकूर आणि वस्तू यांच्या नात्यात. त्यांची रुजवात घालायची तर वाक्य बाजूला ठेवून पुन्हा तराजूपाशीच जावे लागते.

प्रमाद याहून क्षुद्र, पण अधिक उपद्रवी. ज्ञान बरोबर असते, इच्छा शुद्ध असते, आणि तरीही हात चुकतो. बुऱ्हाणपूरचा पिनकोड ४५०३३१. त्यातील शेवटचे दोन अंक नुसते उलटे पडले, तर परत येणारा माल भलत्याच टपालखान्याच्या फळीवर पडून राहतो. या सहा अंकांची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली आणि तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपालखात्यातील अधिकारी असून संस्कृत कवीही होते, ही गोष्ट या संदर्भात मोठी अर्थपूर्ण वाटते. एक मात्रा चुकली तर वृत्त मोडते हे ज्याला ठाऊक, त्यालाच एका अंकाचे मोल नेमके कळणार. एकशेवीस रुपयांच्या पाकिटापुढे बारा लिहिले जाणे, संपलेल्या मालापुढे ‘उपलब्ध’ राहून जाणे, संपर्कासाठी दिलेल्या भ्रमणध्वनीत एक अंक गळणे, हे सारे प्रमादाचेच प्रकार. भावपत्रकातील प्रत्येक आकडा मूळ वहीशी एकाने वाचून आणि दुसऱ्याने बोट ठेवून ताडून पाहावा, ही जुन्या दफ्तरातील रीत येथे आजही तितकीच उपयोगी आहे.

करणापाटव म्हणजे साधनांची अपटुता. सांगणाऱ्याचे ज्ञान, अवधान आणि हेतू निर्दोष असूनही इंद्रियाने किंवा वाणीने दगा द्यावा, असा याचा मूळ आशय. आणि संकेतस्थळाच्या बाबतीत वाणीची जागा यंत्राने घेतलेली असते. ‘बुऱ्हाणपूर’ हा एकच शब्द घ्या. त्यातील ऱ्ह हे जोडाक्षर संगणकावर दोन निरनिराळ्या रीतींनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, परंतु यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी नावे असल्यामुळे, एका रीतीने लिहिलेले गाव दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्यास सापडेलच अशी शाश्वती नसते; आणि हिंदी वळणाने ‘बुरहानपुर’ लिहिणाऱ्याचे काय, हा प्रश्न पुन्हा निराळाच. मालकाच्या नव्या फोनवर जे पान क्षणात उघडते, तेच प्रवासात असलेल्या गिऱ्हाइकाच्या जुन्या फोनवर अर्धवट लटकते. पैसे खात्यातून वजा होतात आणि मागणी मात्र कोठेच नोंदली जात नाही. साधने तोकडी पडण्याची ही विपत्ती केवळ लहानांवरच येते असेही नाही. आयकर विवरणपत्रांचे केंद्र सरकारचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी खुले झाले, आणि दुसऱ्याच दिवशी खुद्द अर्थमंत्र्यांना लोकांच्या तक्रारींची जाहीर दखल घ्यावी लागली.

हे तीन दोष शोधायचे कोणी? ज्याने लिहिले त्यानेच तपासावे, हे वरवर सोयीचे दिसते. परंतु बोटाच्या अग्राला स्वतःला स्पर्श करता येत नाही, हा दृष्टान्त आपल्या दार्शनिकांनी आत्मज्ञानाच्या चर्चेत वापरला, तो येथेही खरा ठरतो. लिहिणारा आपला मजकूर वाचत नाही, तो आपला हेतू वाचतो. पानावर जे नाही तेही त्याला दिसते. एकनाथांच्या चरित्रात या बाबतीत दोन प्रसंग आहेत, आणि ते शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. पहिला परंपरेने सांगितलेला: देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्याकडे हिशेबाचे काम करीत असता जमाखर्चात एका पैची चूक राहिली, ती शोधण्यात नाथांनी रात्र घालविली, आणि सापडताच आनंदाने टाळी वाजविली, तेव्हा गुरूंनी विचारले, की एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर संसाराची चूक उमगल्यावर केवढा होईल? या कथेचा रोख आपण सहसा उत्तरार्धावरच ठेवतो आणि पैला तुच्छ लेखतो. परंतु जनार्दनस्वामींनी पैचा शोध व्यर्थ ठरविला नाही. त्याच वृत्तीला त्यांनी अधिक खोल पाण्यात उतरविले. ज्याला पैची चूक खुपत नाही, त्याला मोठी चूक खुपेल कशी? दुसरा प्रसंग इतिहासाचा: शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, नाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रतींत शिरलेले अपपाठ दूर करून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ग्रंथ ज्ञानदेवांचा, तपासणी नाथांची, आणि मध्ये सुमारे तीन शतकांचे अंतर. परक्या शब्दाची अशी सेवा करणारा, स्वतःचे त्यात काही न घुसडणारा वाचक मिळणे, हे कोणत्याही लेखकाचे भाग्य. दापोऱ्याच्या मालकाने जालना किंवा इंदूरच्या एखाद्या नातलगास, ज्याने हे पान पूर्वी कधीच पाहिलेले नाही, काहीही न समजावता मागणी नोंदवायला सांगावे आणि तो कोठे अडतो ते मुकाट्याने पाहावे. समजावून सांगण्याचा मोह आवरणे हाच त्यातला कठीण भाग.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो जुनाच आहे. तपासणी बरोबर झाली की नाही हे कशावरून ठरवायचे? दुसऱ्या तपासणीवरून म्हणावे, तर तिची खात्री तिसरीने करावी लागेल, आणि हा क्रम कोठेच थांबणार नाही. यालाच शास्त्रकार अनवस्था म्हणतात. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध मानणाऱ्या कुमारिल भट्टांनी ‘श्लोकवार्तिका’त याला मोठे व्यवहारी उत्तर दिले: ज्ञान हे बाधक ज्ञान उत्पन्न होईपर्यंत प्रमाणच समजावे, शंका आलीच तर तीन-चार ज्ञानांपर्यंत पडताळा घ्यावा, त्यापुढे मागू नये. दहाव्या शतकातील उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हीच मर्यादा निराळ्या बाजूने आखली: जेथे शंका घेणाऱ्याचे स्वतःचे आचरणच शंकेचा व्याघात करते, तेथे शंका संपते. अन्नाने भूक शमते की नाही याविषयी ज्याला संशय आहे, तोही जेवायला बसतोच. आणि वात्स्यायनांनी तर भाष्याच्या आरंभीच सांगून टाकले, की प्रमाणाची अर्थवत्ता प्रवृत्तीच्या साफल्यावरून कळते. पाणी पाहिले ते खरे होते की मृगजळ, हे जवळ जाऊन ओंजळ भरल्यावरच निश्चित होते.

या तीन मतांत जो शहाणपणा आहे, तो दोन्ही टोकांना आवर घालतो. ‘अजून एकदा पाहू’ म्हणत जो संकेतस्थळ कधीच खुले करीत नाही, त्याने सावधगिरीचे नाव घेऊन व्यवहारच नाकारलेला असतो. त्याचे वेफर डब्यातच खवट होतात. उलट, ओंजळ भरून पाहण्याचे काम ज्याने गिऱ्हाइकांवरच ढकलले, त्याची गत अमेरिकेतील आरोग्यविम्याच्या सरकारी संकेतस्थळासारखी होते: ते १ ऑक्टोबर २०१३ रोजी मोठ्या गाजावाजाने खुले झाले, सर्व टप्पे आरंभापासून अखेरपर्यंत एकत्र चालवून पाहण्यास पुरेसा अवधी ठेवला गेला नव्हता, आणि पुढे प्रसिद्ध झालेल्या कागदपत्रांनुसार पहिल्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. म्हणून प्रवृत्तीचे साफल्य आधी स्वतःवर पाहावे: मालकाने परक्यासारखी मागणी नोंदवावी, पूर्ण किंमत खरोखरच भरावी, पाकीट टपालाने आपल्याच दारी येऊ द्यावे, उघडून तोलावे, आणि मग ते परत करण्याचीही वाट एकदा चालून पाहावी.

चौथे दार आतापर्यंत मी हेतुतः बाजूला ठेवले. विप्रलिप्सा म्हणजे फसविण्याची इच्छा. आणि या दोषाची विलक्षण गोष्ट अशी, की कोणत्याही चाचणीत तो सापडत नाही. जेथे माल भरपूर आहे तेथे ‘शेवटची दोनच पाकिटे शिल्लक’ असे लिहिले, तर ते अक्षर स्वच्छ उमटते, बटन चालते, पैसे जमा होतात. चाचणी घेणारा समाधानाने मान डोलावतो. आरंभी लहान किंमत दाखवून अखेरच्या पानावर तिच्यात भर घालत जाणे, गिऱ्हाइकाने न मागितलेली वस्तू त्याच्या यादीत सरकविणे, आपल्याच घरच्यांकडून स्तुतीचे अभिप्राय लिहवून घेणे, यांतही यंत्राच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते. राज्यसत्तेने अशा कपटाला पायबंद घालण्याचा यत्न केलेला आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनी संमतीची चौकट आधीच खूण करून ठेवण्यास मनाई केली, आणि ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी फसव्या रचनांचे तेरा प्रकार नावानिशी सांगितले. खोटी निकड हा त्यातलाच एक. कायदा हे काम गुन्हा घडल्यानंतर करतो. संकेतस्थळ खुले होण्याच्या आदल्या रात्री त्या ओळीसमोर बसलेला मनुष्य एकटाच असतो, आणि तपासणारा व तपासला जाणारा तेथे एकच झालेला असतो.

नेमक्या या ठिकाणी बुऱ्हाणपूरचीच एक धर्मपरंपरा बोलू लागते. कबीरपंथाच्या अनेक शाखांपैकी ‘पारख’ सिद्धान्त मानणाऱ्या शाखेचे एक प्रमुख पीठ या शहरात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथील पूरणसाहेबांनी कबीरांच्या ‘बीजका’वर ‘त्रिज्या’ नावाची टीका लिहिली, आणि पारखी साधूंमध्ये तिला मोठा मान आहे. कोणताही शब्द केवळ तो शास्त्राचा किंवा गुरूचा आहे म्हणून स्वीकारू नये, त्याची पारख करावी, हा या मताचा पाया. परंतु ते तेथे थांबत नाही. शब्दांमागून शब्द पारखत गेल्यावर अखेरीस जो पारखतो तोच उरतो, आणि त्यालाच ओळखावयाचे असते. आध्यात्मिक अर्थाने या सिद्धान्ताची व्याप्ती फार मोठी आहे आणि तिला दुकानाच्या मापाने मोजणे उचित नव्हे. तथापि तीन दोषांची तपासणी बाहेरच्या वस्तूंवर चालते आणि चौथ्या दोषाची तपासणी करणाऱ्यावरच उलटते, एवढे या विचाराने स्वच्छ दिसते. आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. भ्रम, प्रमाद आणि करणापाटव यांच्या निवारणास कौशल्य पुरते. विप्रलिप्सेपाशी कौशल्याची हद्द संपते आणि धर्माचा अंमल सुरू होतो.

राहता राहिली एक गोष्ट. तीन-चार पडताळ्यांनंतर थांबावे हे कुमारिलांचे मत मान्य केले, तर त्याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे: बाधक ज्ञान जेव्हा येईल, तेव्हा त्याला येण्यासाठी दार उघडे असले पाहिजे. उपर्युक्त २०२० च्या नियमांनी विक्रेत्याचे अधिकृत नाव आणि पत्ता प्रकट करण्याची, तक्रार-अधिकारी नेमण्याची, अठ्ठेचाळीस तासांत तक्रारीची पोच देण्याची आणि महिन्याभरात तिचे निवारण करण्याची जी सक्ती केली, ती पुष्कळांना सरकारी कटकट वाटते. तत्त्वतः पाहता बाधक ज्ञानासाठी ठेवलेले हे रीतसर दार आहे. वेदाला कर्ताच नाही, म्हणून कर्त्याचे दोष त्याला शिवत नाहीत, अशी मीमांसकांची प्रसिद्ध कोटी आहे. ज्या संकेतस्थळावर मालकाचे नाव नाही, गावाचा पत्ता नाही आणि तक्रार ऐकणारा कोणी नाही, तेही एका अर्थी अपौरुषेयच म्हणावे लागेल. फरक इतकाच, की तेथे कर्ता नाहीसा केल्याने दोष जात नाहीत, फक्त जबाबदार माणूस जातो. दापोऱ्याच्या व्यापाऱ्याने वेदाची बरोबरी करू नये. आपले नाव, आपले गाव आणि आपला खरा दूरध्वनी पानाच्या तळाशी लिहावा, म्हणजे त्याचा शब्द चुकण्यास आणि दुरुस्त होण्यास मोकळा राहील. मनुष्यास आप्त होण्याची दुसरी वाट नाही.